जामखेडचं आरोळे हॉस्पिटल: एक छोटा दवाखाना आणि गावोगावच्या बाया

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले तेव्हा काम सुरू करायला त्यांना जी जागा मिळाली ती म्हणजे वापरात नसलेला गुरांचा दवाखाना. तिथून सुरू झालेल्या या प्रकल्पाचं कागदोपत्री नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट, पण तालुक्यात कोणी असं म्हणत नाही, सगळे आरोळे हॉस्पिटलच म्हणतात. आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना जामखेड माहीत आहे आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत विचारलं तर बऱ्याच जणांना पत्ताच नसतो, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून लिहितेय. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की या हॉस्पिटलने आपली वाढ खाटांच्या आकड्यात मोजली नाही, आणि हे काही नाइलाजाने झालं नाही, पहिल्यापासून ठरवून झालं.

आधी जागा समजून घ्या. नगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, अगदी आग्नेय टोक. पलीकडे लगेच बीड, खाली करमाळा, धाराशिवही लांब नाही. बालाघाटाचे डोंगर, मुरमाड जमीन, ज्वारी-बाजरी, आणि पावसाचा काही भरवसा नाही. अहिल्यादेवी होळकरांचं चौंडी याच तालुक्यातलं, १७९५ ची निजाम-मराठ्यांची लढाई झाली ते खर्डाही इथलंच. पण सत्तरच्या सुमाराला तालुक्याची ओळख एकच, दुष्काळी. रस्ते धड नाहीत, पोटासाठी माणसं बाहेर जाणार, घरात पोरं दगावणं ही रोजची गोष्ट.

आरोळे दांपत्य दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, १९५९ ला डॉक्टर झालेले. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, आईवडील दोघंही शिक्षक. मेबल जबलपूरच्या. १९६० ला लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं की आयुष्यभर खेड्यात, सगळ्यात मागे राहिलेल्या माणसांसाठी काम करायचं. मग १९६२ ते ६६ ते नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. गर्दी चिकार, दिवसरात्र काम, ऑपरेशनं, बाळंतपणं, नाव पण झालं. पण तिथेच त्यांच्या लक्षात आलं की आपण बरं करून घरी पाठवलेलं पोर दोन महिन्यांनी पुन्हा तेच जुलाब, तीच सुकलेली त्वचा घेऊन परत येतंय, आणि जे येतात ते तरी बस मिळाली म्हणून येतात, जे येतच नाहीत त्यांचं काय होतं ते आपल्याला कळतसुद्धा नाही. धनुर्वात, गोवर, जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, यातलं बहुतेक सगळं गावातच थांबवता येण्यासारखं होतं.

पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली पब्लिक हेल्थ शिकले. अभ्यासाचा भाग म्हणून जो आराखडा तिथे कागदावर मांडला तोच घेऊन परत आले. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू कमी करायचे, जन्मदर खाली आणायचा, क्षय आणि कुष्ठरोग आटोक्यात आणायचा. जागा मात्र त्यांनी एकतर्फी ठरवली नाही. ज्या गावाला आपण हवे आहोत आणि जे गाव स्वतःही काही द्यायला तयार आहे तिथेच जायचं, अशी अट होती, आणि जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं.

इथे एक मुद्दा मला मुद्दाम थांबून सांगायचा आहे, कारण जामखेडची गोष्ट सांगताना तो गाळला जातो. लोक सांगतात की आरोळेंनी हॉस्पिटलच्या ऐवजी गावात काम केलं. तसं नाहीये. त्यांनी आधी दवाखानाच काढला. लोकांना काय हवं होतं? डॉक्टर. तापाला औषध, अडलेल्या बाईला ऑपरेशन, साप चावला तर इलाज. शोषखड्डा आणि लसीकरण कोणी मागत नव्हतं. बाळंतपणात मरायला टेकलेली बाई जिवंत घरी आली की तिच्या गावात आरोळेंच्या शब्दाला किंमत यायची, आणि मग त्या जोरावर पाणी, लस, पोरांचं खाणं या गोष्टी बोलता यायच्या. म्हणजे उपचार हे गावात शिरायचं दार होतं. दार नसतं तर नुसत्या भाषणांना कोणी ऐकलं नसतं, आणि नुसतं दारच बांधत बसले असते तर वडाळ्याचीच पुनरावृत्ती झाली असती.

तेवढ्यात दुष्काळ आला. ७२ चा दुष्काळ म्हटलं की आपल्याकडे घराघरात आठवणी निघतात, खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो नावाची परदेशातून आलेली लाल ज्वारी. जामखेड भागात लोकांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं की औषधाचं नंतर बघू, आधी पाणी आणि भाकरी. आरोळेंनी ते ऐकलं, हे मला फार मोठं वाटतं, कारण दोघंही सर्जरी-मेडिसिन शिकून आलेले आणि आपलं वेळापत्रक घेऊन बसलेले. गावागावात लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, धान्य बाहेरच्या संस्थांकडून, पण भांडी, जळण आणि शिजवणारे हात गावाचे. आणि बोअर मारायला सुरुवात झाली.

बोअरची जागा ठरवताना जिथे शक्य असेल तिथे दलित वस्तीत हापसा बसवायचा असं आरोळेंनी धरलं. विचार करा, त्या काळात गावच्या विहिरीवर दलित बाईने घागर बुडवायची नाही, वर कोणी पाणी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. आता दुष्काळात विहीर कोरडी, पाणी फक्त त्या वस्तीतल्या हापशाला, मग बाकीच्या आळ्यांतल्या बायाही कळशा घेऊन तिथेच रांगेत. एकदम सगळं बदललं असं कोणी म्हणणार नाही, पण रांग तर एक झाली. आणि जुलाब कमी झाले ते वेगळंच, कारण हापशाचं पाणी झाकलेलं.

जातीचा प्रश्न त्यांनी आरोग्याचा प्रश्न म्हणूनच घेतला. गावात मीटिंग बोलावली तर पारावर वरचे लोक बसणार आणि बाकीचे लांब उभे, मग चर्चा कसली होणार? म्हणून संध्याकाळी व्हॉलीबॉल. नेट बांधलं, पोरं जमली, खेळात कोण कोणाचा ते बघायला वेळ नसतो, खेळ झाल्यावर तिथेच मातीत बसून गप्पा, आणि त्या गप्पांतून शेतकरी मंडळं उभी राहिली. पुढे बायांची महिला मंडळं. दवाखान्याची पहिली विस्तार योजना व्हॉलीबॉलच्या नेटपासून सुरू होते हे मॅनेजमेंटच्या माणसाला पटायला वेळ लागेल, पण प्रकरण असंच आहे.

आता खरी अडचण. गावात रोज राहील असं माणूस कोण? आधी त्यांनी नर्स ठेवून बघितल्या. शिकलेल्या, शहराकडच्या मुली, एकट्या खेड्यात राहायला तयार नाहीत, सुरक्षित पण वाटत नाही, आणि गावातल्या बायाही त्यांच्याशी मोकळं बोलत नाहीत. तो प्रयोग फसला. तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली की आमच्याच गावातली बाई का नाही घेत, तिला शिकवा की. झालं, तिथून ग्राम आरोग्य सेविका सुरू झाल्या. साधारण हजार वस्तीला एक, निवड गावाने करायची. बहुतेक बाया मध्यमवयीन, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, आणि अनेकींना सही पण येत नव्हती.

डॉक्टरी जगात याच्यावर केवढा विरोध झाला असेल ते सांगायला नको. अंगठा उठवणारी बाई मुलांचं वजन-माप बघणार, गरोदर बाईत धोक्याची लक्षणं ओळखणार? पण मेबलताईंचा शिकवण्यावर विश्वास होता आणि शिकवायची पद्धत त्यांनी या बायांच्या अंगाने बसवली. दर आठवड्याला बाया जामखेडला हॉस्पिटलच्या आवारात यायच्या, मुक्कामाला राहायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत जमिनीवर शेजारी शेजारी झोपायच्या. मराठा, दलित, मुसलमान, वंजारी, सगळ्या. पहिले काही आठवडे जेवणाच्या पंगतीतच अर्धं शिक्षण होतं. धडे तोंडी, गाणी, चित्रं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे एकमेकींचे अनुभव: माझ्या गावात या आठवड्यात असं असं झालं, मी हे केलं, चुकलं का? लिहिता न येणाऱ्या माणसाची आठवण किती पक्की असते हे खेड्यात वाढलेल्याला माहीत असतं. गावात कोण किती महिन्यांची गरोदर, कोणाचं पोर अंगावरचं दूध पित नाही, कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, सगळं तोंडपाठ.

आणि हे शिक्षण एकदाच होऊन संपलं नाही. वर्षानुवर्षं चालू राहिलं. पाच दिवसांचं ट्रेनिंग, एक बॅग आणि प्रमाणपत्र देऊन पाठवणी, असा प्रकार नव्हता.

एक जुलाबाचं उदाहरण घ्या म्हणजे हॉस्पिटल आणि गाव कसं जोडलेलं होतं ते दिसेल. पोराला ढाळ लागले. आधीची समजूत अशी की पाणी पाजलं की जुलाब वाढतात, म्हणून पाणी बंद, दूध बंद, आणि पोर सुकून जातं, टाळू खोल जाते. आता सेविका त्याच आळीतली. ती येते, पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडते, लगेच सपाट होते का हळूहळू जाते ते बघते. मग आईच्याच चुलीपाशी बसून उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून आधी स्वतः चव घेते, खारट लागता कामा नये, मग आईला घ्यायला लावते, आणि चमच्या-चमच्याने पाजायला बसवते, अंगावरचं दूध चालूच ठेवायला सांगते. बहुतेक पोरं इथेच बरी होतात, एक रुपयाही लागत नाही. पोर गुंगीत गेलं, लघवी बंद झाली, पाणी पोटात ठरत नाही, की मग थांबायचं नाही, थेट जामखेड. आणि तिथे या बाईने पाठवलंय म्हटल्यावर डॉक्टर तिला विचारतात, कधीपासून, काय दिलं? तिच्या सांगण्यावर पुढचा उपचार चालू होतो. गावात परत गेल्यावर तिचा मान किती वाढत असेल. डॉक्टर माझं ऐकतात, हे गावाने बघितलेलं असतं.

बाळंतपणाचंही तसंच. गरोदरपणी जास्त खाल्लं तर पोर मोठं होऊन अडेल म्हणून बायांना कमी खायला घालायचे. चिकाचं दूध वाईट म्हणून फेकायचे. नाळ कापायला विळा, नाहीतर जे हाताशी असेल ते. सेविकांनी दायांशी भांडण न करता त्यांना सोबत घेतलं, साबण, स्वच्छ ब्लेड, दोरा एकत्र बांधून दिलेला, धनुर्वाताची लस. पाय सुजलेत, डोकं दुखतंय, आधीचं सिझर आहे, बाळ आडवं आहे, अशी बाई आधीच हेरून ठेवायची आणि दिवस भरायच्या आत जामखेडला न्यायची. हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर या बायांच्या भरवशावर चाललं असं मी म्हणेन, कारण केस वेळेत आली तरच सर्जनच्या हाताला अर्थ.

मधला दुवा म्हणजे जीप. नर्स, पॅरामेडिकल, सामाजिक कार्यकर्ता, कधी डॉक्टर, अशी टीम ठराविक दिवशी गावात जायची. सेविकेने निवडून ठेवलेले पेशंट बघायचे, तिची अडचण ऐकायची, आणि तिच्या चुका चारचौघांत न काढता तिलाच पुढे करायचं.

हॉस्पिटल म्हणून बघाल तर जामखेडला भपका काहीच नाही. पेशंटबरोबर नातेवाईक राहणार, आवारातच चूल पेटवून स्वयंपाक करणार, त्यामुळे खर्च कमी आणि पेशंट एकटा पडत नाही. कुष्ठरोग्याला वेगळा वॉर्ड, वेगळी इमारत नाही, तो इतरांबरोबरच ओपीडीच्या बाकावर बसणार. त्या काळात हे भलतं धाडस होतं, कुष्ठरोग म्हटला की गावाबाहेर काढायचे. औषधं मोजकी. तपासण्या लागतील तेवढ्याच. आवारातच कृत्रिम पायांचं छोटं वर्कशॉप आहे, जयपूर फूटच्या धर्तीवरचं. मशीनमध्ये पाय गेलेला शेतकरी पाय बसवून घेऊन परत रानात चालायला लागतो, आणि पाय बनवणारे कारागीर इंजिनिअर नाहीत, इथेच शिकून तयार झालेली गावातलीच माणसं आहेत.

पैशाचं गणित असं की उपचाराची फी कमी ठेवली पण घेतली, ज्याला जमत नाही त्याला माफ. हॉस्पिटलचा बराचसा खर्च हॉस्पिटलमधूनच निघावा असा प्रयत्न. गावातल्या कामाला आणि बांधकामाला बाहेरचा निधी लागला, सुरुवातीला चर्चच्या आरोग्य संघटनांचा मोठा आधार होता, ते लपवायचं कारण नाही. सेविकांना पगारावर अवलंबून ठेवायचं नाही हा विचार पुढे पक्का होत गेला. त्यापेक्षा बचत गट, बँकेचं कर्ज, शेळ्या, छोटा धंदा, असं काहीतरी स्वतःचं उभं करायला मदत. याच्यावर मतभेद होऊ शकतात. बाईचं काम फुकट घेता का, हा प्रश्न मलाही पडतो आणि तो रास्त आहे. पण ज्या बाईला घरात बोलायची सोय नव्हती तिच्या हातात स्वतःच्या नावाचं बँकेचं पासबुक आलं, तिच्यासाठी तो मानधनापेक्षा मोठा बदल होता असं सेविका स्वतःच सांगत आल्यात.

आकडे. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ ला या गावांमध्ये हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. १९७६ ला तो आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत! पण पुढचा आकडा बघा, १९८६ ला ४९. म्हणजे नंतरच्या दहा वर्षांत जेमतेम तीन. मग १९९६ ला २६. जामखेडवर बोलणारे लोक पहिला आणि शेवटचा आकडा सांगून मोकळे होतात, मला मधला थांबलेला काळ जास्त शिकवणारा वाटतो. जुलाब, धनुर्वात, उपासमार हे आधी आटोक्यात आलं, ते पाण्याने, खाण्याने आणि लसीने होतं. त्याच्या खालचे मृत्यू हलवायला बाईचं लग्नाचं वय, दोन मुलांतलं अंतर, मुलीला घरात मिळणारं ताट, असल्या गोष्टी बदलाव्या लागतात, आणि त्याला एक पिढी जाते, असा मी याचा अर्थ लावते. त्याच काळात गावंही वाढत होती, आठ गावांपासून सुरुवात करून १९८० पर्यंत सत्तर.

बाहेर नाव तोवर झालं होतंच. १९७५ ला जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा मोजक्या प्रयोगांवर पुस्तक काढलं त्यात जामखेडचं प्रकरण आरोळे दांपत्याने लिहिलेलं आहे, आणि १९७८ च्या अल्मा-अटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला त्यामागे हे प्रयोग होते. १९७९ ला दोघांना मिळून मॅगसेसे, १९९० ला पद्मभूषण. नव्वदच्या दशकात आवारातच ट्रेनिंग इन्स्टिट्यूट झालं, तिथे परदेशातले डॉक्टर शिकायला येतात आणि त्यांना शिकवायला गावातल्या सेविकाही उभ्या राहतात.

मेबलताई १९९९ ला गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ च्या मे महिन्यात. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे नेलं. संस्थापक गेल्यावर असल्या संस्थांचं काय होतं हे आपण खूप ठिकाणी बघितलंय, इथे गावातलं काम सेविकांच्या अंगवळणी पडलेलं होतं म्हणून ते टिकलं. काळ मात्र बदलला. आता बहुतेक गावात जुलाबाने पोर जात नाही, शुगर-बीपीचे पेशंट घरोघरी आहेत, तालुक्यात खासगी दवाखाने झालेत, हातात मोबाइल आलाय. पण या पट्ट्यातली माणसं अजूनही ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर जातात, आणि कोयत्यावर गेलेल्या गरोदर बाईपर्यंत गावातली सेविका पोचू शकत नाही.

२००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार वस्तीला एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, ही कल्पना देशभर गेली. त्यात जामखेडच्या अनुभवाचा वाटा मोठा, डॉ. आरोळे त्या प्रक्रियेत होते. फक्त जाताना काही गोष्टी मागे राहिल्या. आशाला सुरुवातीलाच आठवी पासची अट आली, कामानुसार मोबदला आला, रजिस्टर आणि टार्गेट आली. जामखेडच्या सेविकेच्या मागे दर आठवड्याला ऐकून घेणारं हॉस्पिटल होतं. आशाताई पेशंट घेऊन रात्री दोन वाजता पोचतात तेव्हा त्यांना बाहेर थांबा म्हणणारेच जास्त भेटतात, आणि मानधनासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागतं. कल्पना उचलली, पाठीशी उभं राहणारं हॉस्पिटल उचललं नाही. मला याचं खूप वाईट वाटतं, कारण जामखेडमध्ये चाललेली गोष्ट नेमकी तीच होती.

शेवटचा एक अभ्यास सांगते. प्रकल्पाचे आकडे प्रकल्पानेच ठेवलेले, मग त्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न संशोधक विचारणारच. २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक तुलना छापून आली, प्रकल्पातली गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं. निष्कर्ष असा की पहिला महिना ओलांडल्यावर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावात ३० टक्क्यांनी कमी होता. पण पहिल्या महिन्यात दोन्हीकडे असा फरक दिसला नाही. म्हणजे सेविका आणि हॉस्पिटलच्या या जोडीने जे साधलं ते महिन्यानंतरच्या पोरांसाठी ठळक आहे, नुकतं जन्मलेलं, कमी वजनाचं, श्वास अडकलेलं बाळ तिथेही निसटत होतं. त्याच्यावरचं उत्तर महाराष्ट्रातच, पण दुसऱ्या टोकाला निघालं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी शिकवली, श्वास चालू करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, आणि १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचं वजन आणि ताप बघतात ते काम तिथून आलेलं आहे.